बिंबलांत उकळलेला अल्टरनेटर

रविवारची मिस्सा संपली की चर्चच्या पायऱ्यांवर चार-पाच पुरुष उगाच रेंगाळायचे. कुणी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकायचा, कुणी इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडायचा. नवख्या माणसाला वाटावं, आता इथे मारामारी होणार. तसं काही नसायचं. आमच्या सरांची गाडी ढकलायची असायची.

सर म्हणजे मला आठवी ते दहावी गणित आणि विज्ञान शिकवलेले, पुढे त्याच शाळेचे हेडमास्तर होऊन निवृत्त झालेले. पत्नी वारल्यापासून खाडीकाठच्या घरात एकटे राहतात. गाडी त्यांची जुनी, चौकोनी, दुधी रंगाची. तिचे सुटे भाग आता दुकानात मिळत नाहीत, तिच्याच जातीच्या दुसऱ्या मेलेल्या गाडीतून काढावे लागतात. सहा महिने तिची बॅटरी टिकत नव्हती. सर घरून उतारावरून गाडी सुरू करून चर्चला यायचे, आणि परत जाताना ढकलावी लागायची. स्टिअरिंगवर बसून, एक हात खिडकीबाहेर काढून ते कवायतीच्या तासासारखे हुकूम सोडायचे. "सगळे एकदम! मागच्या बाकावरचे, जोर कुठे गेला?" ढकलणाऱ्यांतले निम्मे त्यांचेच विद्यार्थी, त्यामुळे कुणाला वाईट वाटायचं नाही.

"मास्तरांनू," एकदा त्यांतला एक धापा टाकत म्हणाला, "फुडच्या आयतवारी मिस्सेच्या आधीच ढकलूया. घाम येवन गेलो काय प्रवचनात झोप बरी लागता."

"तुका वर्गात झोप लागूक घामाची गरज कधी पडली रे?" सरांनी विचारलं आणि गियर टाकला.

गाडी ढकलली की तासाभरात ती बातमी गोव्यात पोचायची. सरांची मुलगी तिथे नोकरी करते. ती शाळेत माझ्या एक वर्ग पुढे होती. वडिलांचा हजरजबाबीपणा तिच्यातही पुरेपूर उतरला आहे, पण वडिलांइतकी दया तिच्यात नाही. तिनं वडिलांना सांगून टाकलं, की हे आता पुरे झालं. बाजार, दवाखाना, चर्च, सगळं गाडीवर अवलंबून, आणि गाडी गावावर. तुम्ही माझ्याकडे राहायला या.

मला हे सरांकडून कळलं ते असं. मी त्यांच्याकडे नेहमीप्रमाणे रविवारी दुपारी गेलो होतो. ते व्हरांड्यात बसून पेरू कापत होते.

"मला ट्रान्सफर ऑर्डर आलीय," ते म्हणाले.

"कुठे सर?"

"गोव्याला. तिसरा मजला, लिफ्टसह. शनिवारी पोरगी न्यायला येतेय." त्यांनी पेरूची फोड माझ्यापुढे केली. "मी अपील केलंय. तिला म्हटलं, आधी तुला याच गाडीतून आंबोलीला नेऊन आणतो. गाडी एकदा जरी ढकलावी लागली तर माझी बॅग मी स्वतः भरीन. नाही लागली तर तू पुन्हा हा विषय काढायचा नाही. ती कबूल झाली."

मी हसलो. मग त्यांच्याकडे पाहिलं तर ते हसत नव्हते. समोर ओहोटीनं उघड्या पडलेल्या चिखलात बगळे चालत होते.

"तिसऱ्या मजल्यावर," ते म्हणाले, "माणूस सकाळी उठून जातो तरी कुठे रे?"

मी उठून गाडीचं बॉनेट उघडलं.

मला इथे थोडं मागचं सांगायला हवं. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. आईबाबा भाताची आणि काजूची शेती करणारे. अकरावी सायन्स म्हणजे काय, अर्ज कुठे मिळतो, हे आमच्या वाडीत कुणालाच माहीत नव्हतं. सरांनी मला आणि बाबांना याच गाडीतून कुडाळला नेलं. बाबा शेतातून तसेच आलेले, पायाला चिखल. गाडीतली चटई खराब होऊ नये म्हणून त्यांनी कुडाळ येईपर्यंत दोन्ही पाय अधांतरी धरून ठेवले होते. सरांनी आरशातून ते पाहिलं असणार. परतताना गाडीत बसण्याआधी त्यांनी स्वतःच रस्त्याकडेच्या शेतात पाय घालून घेतला आणि म्हणाले, "चला, आता आपण सारखे." आज मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. त्या गाडीसाठी मी काय करणार नाही?

शिवाय मला थोडं येतही होतं. कॉलेजच्या सुट्ट्यांत मी कुडाळच्या एका गाड्यांच्या वायरिंगवाल्याकडे काम केलं होतं. बॅटरी टिकत नाही म्हटल्यावर मी आधी अल्टरनेटर पाहिला. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारा आणि बॅटरी भरणारा तो नारळाएवढा गोळा. त्याची अल्युमिनियमची बॉडी खाऱ्या हवेनं अशी खाल्ली होती की पांढरी पूड बोटाला लागत होती. वाटावं, कुणी त्याला तांदळाच्या पिठात घोळवून तळायला ठेवलाय.

तो काढून मी माझ्या जुन्या उस्तादाकडे नेला. त्यानं तपासला, आतली तांब्याची वेटोळी टिचकी मारून पाहिली आणि म्हणाला, "आतला सगळा बरा आसा. कार्बन बदल, बेरिंगां बदल. पण बॉडी बग मेल्या. ह्या पांढऱ्यातसून करंट जातलो कसो? धातू उघडो पडासर घासूक व्हयो. माका येळ नाय. तू शिकलेलो मा? कर तूच."

सोमवारी संध्याकाळी मी पडवीत पोतं पसरून अल्टरनेटर उघडायला बसलो. आई बाजूला तांदूळ निवडत होती. उघडण्याआधी मी लोखंडी टोच्यानं बॉडीवर एक आडवी रेघ मारली, एका तुकड्यावरून दुसऱ्या तुकड्यापर्यंत सलग, म्हणजे परत जोडताना सगळं जिथल्या तिथे बसेल.

"बरी वस्तू होती, तेका चरो कित्याक पाडलंस?" आई म्हणाली.

मी कारण सांगितलं. तिला ते पटलं. फणसाच्या फोडी करताना तीही आधी सुरीनं खूण करते.

पुली काढली, पंखा काढला, चार लांब बोल्ट सोडले आणि लाकडी हातोडीनं हलके ठोके दिले. बॉडीचे दोन भाग सुटून हातात आले.

"गो बाय! नारळासारखी दोन भकलां झाली," आई म्हणाली. "आता खोबरा खंय?"

मी तांब्याची वेटोळी दाखवली. ती तिनं नीट पाहिली आणि खोबरं तांबूस झालंय, म्हणजे नारळ जुना आहे, असा निर्वाळा दिला. मग मी बॉडीतून बेरिंगं काढली, मागची डायोडची पट्टी काढली, कार्बन, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला वीज देणाऱ्या कांड्या, काढले, आणि हे सगळं डब्यात भरून फळीवर उंच ठेवलं. तेवढी बुद्धी मला झाली म्हणून पुढचं सगळं निभावलं. कारण पडवीत आता उरली होती ती बॉडीची दोन रिकामी भकलं, तेलानं माखलेली, पांढऱ्या बुरशीनं भरलेली, आणि समोर माझी आई.

आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं घरात आलं तर ते तसंच परत जात नाही. घासून, लखलखीत करून, त्यात मूठभर काहीतरी घालूनच जातं. शेजारणीच्या डब्यातून कालवण आलं तर डबा परत जाताना त्यात तवशाच्या, म्हणजे मोठ्या काकडीच्या, फोडी असतात. आणि ही तर सरांची वस्तू. सरांचं नाव घरात निघालं की आई अजून पदर सारखा करते.

मंगळवारी मी कॉलेजला गेलो. संध्याकाळी परत आलो तर आई दारात उभी. चेहरा पडलेला.

"काय झाला?"

"माका वाटला तू दमान येतलंस," ती म्हणाली. "म्हणान मीच घासूक घेतलंय."

मागच्या पडवीत घमेलं होतं. घमेल्यात चुलीतली राख कालवलेलं पाणी. त्यातून तिनं एक भकल वर काढलं. काल ते पांढरट होतं. आता ते रात्रभर चुलीवर राहिलेल्या कढईच्या बुडासारखं काळं होतं.

"सकाळी सोडणान घासलंय तेवा कसा बरा दिसा होता," ती म्हणाली. सोडण म्हणजे नारळाची चोथ्याची साल, आमची भांडी घासायची. "म्हटलंय, राखेच्या पाण्यात ठेवलंय तर आजून उजळात. समईक मी तसाच करतंय. समई सोन्यासारखी होता. ह्या मात्र..." तिनं ते भकल पुन्हा पाण्यात सोडलं, जणू दिसेनासं झालं की झालं नसल्यासारखं होईल.

आता इथे शहाण्या माणसानं गप्प बसायचं असतं. पण मी रसायनशास्त्राचा शिक्षक. मी घमेल्याशी उकिडवा बसलो आणि आईला सांगितलं, की राखेचं पाणी म्हणजे अल्कली. पितळेला ती चालते. अल्युमिनियम मात्र वेगळा धातू आहे, तो आम्लातही विरघळतो आणि अल्कलीतही. अल्कलीनं वरचा थर खाल्ला जातो आणि मिश्रधातूतलं बाकीचं काळं होऊन वर राहतं. मी अगदी बोर्डाच्या परीक्षेला चार गुण मिळतील असं उत्तर दिलं.

आईनं सगळं ऐकून घेतलं.

"ह्या तुका आधीपासून ठावक होता?"

"हो."

"पोरांक शिकवतंस?"

"दरवर्षी."

"मगे आवशीक सांगूक काय झाला होता? आवस फी भरणा नाय म्हणान?"

मी पुस्तकात उपाय शोधू लागलो. म्हणजे फोनमध्ये. कुठलं तरी आम्ल हवं, ते किती तीव्र, किती वेळ. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून काही आणावं का, या विचारात मी होतो तेवढ्यात मागे कोयत्याचा आवाज आला. आई परसातल्या झाडावरून बिंबलं उतरवत होती. खोडालाच घोसानं लगडणारी ती हिरवी आंबट फळं, एक चावलं तरी दात आंबतात.

"आई, काय करतेयस?"

"माझो अल्युमिनचो टोप काळो पडता तेवा मी काय प्रोफेसराक बोलावतंय?" ती म्हणाली. "बिंबलां घालून उकळतंय. आंबटान निघता काळा. तू फोन बग."

तिनं न्हाणीच्या चुलीवर मोठं पातेलं चढवलं. बिंबलं ठेचून टाकली, पाणी ओतलं, आणि उकळी फुटल्यावर सरांच्या अल्टरनेटरची दोन्ही भकलं दोरीला बांधून आत सोडली. मी बाजूला उभा राहून फोनवर वाचत होतो, की बिंबलात ऑक्झॅलिक आम्ल असतं आणि ते या कामाला योग्य आहे. मी तिला तसं सांगितलंही. "बरा झाला, तेंनी परवानगी दिल्यानी," ती म्हणाली आणि लाकूड आत सारलं.

अर्ध्या तासानं दोरी ओढली तेव्हा काळं बरंचसं निघून गेलं होतं. मग दुसरं पाणी, पुन्हा बिंबलं. मी तारेच्या ब्रशनं कोपरे काढले, पाणपेपर, म्हणजे ओला घासकागद, मारला. अंधार पडायच्या आत दोन्ही भकलं मऊ, करड्या-पांढऱ्या रंगाची झाली. कारखान्यातून आली तेव्हाही ती इतकी सुरेख दिसली नसतील. आई त्यांच्यावर हात फिरवत म्हणाली, "आता सरांक नेवन दी. पण तेंका काळ्याचा सांगू नको हां."

आता मी जे केलं ते सांगतो. बुधवारी मी कुडाळहून पारदर्शक लॅकरचा स्प्रे आणला. विचार असा, की आपल्याकडची खारी हवा दोन वर्षांत पुन्हा पांढरी पूड काढणार, म्हणून बॉडीवर कवच हवं. आमच्याकडे होडीला रंग लावतात तो असाच, आतून-बाहेरून, एक फट न सोडता. मी दोन्ही भकलांना तीन हात दिले. बाहेरून, आतून, दोन भकलं एकमेकांना टेकतात त्या कडांना, इंजिनाला बोल्टनं अडकतात त्या कानांना. एक तीळभर जागा सोडली नाही. आई म्हणाली, "रंग बरो मारतंस," आणि मला शाळेत बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं.

गुरुवारी सगळं जोडलं. नवी बेरिंगं, नवे कार्बन, रेघेला रेघ. आईनं तो अल्टरनेटर स्वच्छ पिशवीत घातला आणि पिशवीत दोन तवशीही ठेवली. मी सरांपुढे पिशवी ठेवली. त्यांनी चष्मा लावला, अल्टरनेटर हातात घेऊन फिरवला आणि नाकाजवळ नेला.

"याला लोणच्याचा वास का येतोय?"

मी आईला दिलेलं वचन चाळीस सेकंद पाळलं. सगळं ऐकून सर इतके हसले की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. "तुला रसायनशास्त्राला घातलं ही माझी चूक," ते म्हणाले. "तुझ्या आईला घालायला हवं होतं."

मी अल्टरनेटर बसवला, बाहेरून भरून आणलेली बॅटरी लावली. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. समोरच्या पट्टीवर बॅटरीचा लाल दिवा असतो, वीज बॅटरीत जात नसेल तर तो पेटतो. तो विझला आणि विझलेलाच राहिला. सर बराच वेळ त्या विझलेल्या दिव्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "शनिवारी तुम्ही दोघंही चला. बॉडी तुझ्या आईनं उकळलीय, आंबोलीला ती हवीच."

शनिवारी सकाळी सरांच्या मुलीचा गोव्याच्या हद्दीवरच्या इन्सुलीच्या नाक्यावरून फोन आला. "पप्पा, नाक्यावर पोचले. गाडी सुरू होतेय ना, की इथूनच ढकलायला माणसं घेऊन येऊ?"

"माणसं आण," सर म्हणाले, "पण ती टाळ्या वाजवायला."

निघालो तेव्हा सर गाडी चालवत होते, मुलगी त्यांच्या शेजारी, मागे मी आणि आई. आई पहिल्यांदाच आंबोलीला चालली होती आणि तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. सावंतवाडीपर्यंत सगळं छान. मुलगी वडिलांना चिडवत होती, वडील तिला. पुढे घाट लागला, पाऊस लागला. सरांनी वायपर लावले. अर्ध्या घाटात धुकं उतरलं, तेव्हा हेडलाइट लावले. आणि सरांच्या खांद्यावरून मला दिसलं, की तो लाल दिवा अंधुक पेटला आहे.

सरांनीही पाहिलं असणार. कारण त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि पट्टीवर नीट पसरून ठेवला.

"पप्पा, रुमाल तिथे कशाला?"

"धुकं आहे. चष्मा पुसायला हाताशी हवा."

वळणागणिक हेडलाइट पिवळे पडत गेले. वायपर काचेवर दमल्यासारखे सरकू लागले. मी मनात इंजिनाचे सगळे भाग सोडून जोडून पाहत होतो आणि काही सापडत नव्हतं. मला सारखी ती व्हरांड्यातली खुर्ची दिसत होती, रिकामी.

वर गावात पोचल्यावर सरांनी गाडी वळवून, तोंड उताराकडे करून, एका चहाच्या टपरीसमोर उभी केली. इंजिन चालूच ठेवलं.

"इंजिन बंद करा की," मुलगी म्हणाली.

"थंडी आहे. त्याला गार लागेल."

तिनं पट्टीवरचा रुमाल उचलला, खालचा लाल दिवा पाहिला, रुमाल पुन्हा ठेवला. मग तिनं हात पुढे करून चावी फिरवली. इंजिन बंद झालं. पावसाचा आवाज एकदम मोठा झाला. तिनं चावी पुन्हा सुरूकडे फिरवली. टक् असा एकच आवाज आला.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "मला तुम्हाला हरवायचं नव्हतं."

"अजून कुणी ढकललेलं नाही," सर म्हणाले. मग ते मागे वळून माझ्याकडे पाहू लागले. आवाज वर्गातला. "प्रोफेसर, बल्बचं एकच टोक सेलला जोडलं तर काय होतं?"

"पेटत नाही, सर."

"का?"

"वीज परत यायला वाट..." आणि मी तिथेच थांबलो.

वीज परत यायला वाट हवी. गाडीत ती वाट वेगळ्या तारेची नसते. अल्टरनेटरच्या उघड्या धातूतून इंजिनाच्या धातूत, तिथून बॅटरीत, असा तिचा रस्ता असतो. आणि त्या रस्त्यावर, कानांना, कडांना, मी स्वतःच्या हातानं लॅकरचे तीन थर मारले होते. घरी बोल्टच्या आट्यांतून जेमतेम वीज गेली, म्हणून दिवा विझला. हेडलाइट, वायपर सगळं एकदम लागलं तेव्हा ती जेमतेम वाट पुरेना. पांढरी पूड काढून मी तिच्या जागी तेच काम करणारा पारदर्शक पदार्थ लावला होता, आणि वर त्याचं कौतुक करून घेतलं होतं.

मी हे सगळं मोठ्यानं सांगितलं. लाज वाटत होती, पण सांगितलं.

आई विचार करून म्हणाली, "म्हंजे तुझ्या रंगान झाला?"

"हो."

"माझी राख तरी बिंबलान निघाली," ती म्हणाली.

सरांची मुलगी खिडकीकडे तोंड करून हसू लागली. तिचे खांदे हलताना दिसत होते.

मी टपरीवाल्याकडून सुरी मागून घेतली. तो म्हणाला, "कांदो कापूची आसा, बोथट करू नको." सरांनी माझ्या डोक्यावर छत्री धरली. मी बोल्ट ढिले करून कान बाजूला सरकवले, टेकण्याच्या जागांवरचं लॅकर खरवडलं, इंजिनाकडची बाजू खरवडली, धातू चमकू लागला तशी पुन्हा बोल्ट आवळले. मधल्या कडा उघडायला अख्खा अल्टरनेटर सोडावा लागला असता. म्हणून बॉडीवर आणखी एक जागा उघडी केली आणि टूलकिटमधली एक जाड तार तिथून सरळ बॅटरीच्या वजा टोकाला बांधली. सुरी परत केली तर टपरीवाला धारेकडे बघून नुसता हं म्हणाला.

आता प्रश्न उरला तो सुरू करण्याचा. बॅटरीत स्टार्टर फिरवण्याइतका जीव नव्हता. ढकलायला टपरीवर चार माणसं बसली होती, ती उठूही लागली. सरांनी हात वर करून त्यांना खाली बसवलं.

"कुणीही हात लावायचा नाही," ते म्हणाले आणि स्टिअरिंगवर बसले. मुलगी शेजारी. मी बाहेरच, बॉनेट लावत होतो, आई टपरीच्या आडोशाला उभी होती. गाडी उतारावर होती आणि पुढच्या चाकाखाली कुणीतरी एक दगड लावला होता. तो सरांनीच खिडकीतून खूण करून टपरीवाल्याकडून लावून घेतला होता, गाडी उभी केल्या केल्या, हे मला नंतर कळलं.

सर खिडकीतून डोकं काढून आईला म्हणाले, "वहिनी, तो धोंडो चाकाखाली उगाच पडलोहा. तेवढो बाजूक करशात?"

आईनं लुगडं सावरलं, वाकली, दगड दोन्ही हातांनी काढला आणि रस्त्याच्या कडेला नीट ठेवला. गाडी हलली. धुक्यात हळूहळू पुढे निघाली, दहा-पंधरा पावलं, मग सरांनी क्लच सोडला, एक हिसका बसला आणि इंजिन खोकून सुरू झालं. हेडलाइट पेटले. पांढरे पेटले. मी धावत गेलो, आई माझ्यामागून, एका हातात चप्पल. मी सरांच्या खिडकीतून आत डोकावलो. रुमाल बाजूला सरकवलेला होता. लाल दिवा विझलेला होता. सरांनी वायपर लावले, मग हॉर्नही वाजवून पाहिला. दिवा विझलेलाच.

"हे ढकलणंच झालं पप्पा," मुलगी म्हणाली.

"कुणी ढकललं? नाव सांग."

"काकींनी दगड काढला."

"दगड काढणं म्हणजे स्वच्छता. ढकलणं वेगळं."

"तुम्ही उताराकडे तोंड करून मुद्दाम उभी केली होती."

"दूरदृष्टी," सर म्हणाले.

आम्ही दोघं मागे बसलो, भिजलेले. गाडी घाट उतरू लागली. मुलगी समोरच्या त्या विझलेल्या दिव्याकडे बघत होती, जसं आपण तापातून उठलेल्या मुलाच्या कपाळाकडे बघतो. मग ती माझ्याकडे वळली. "ती तार किती दिवस टिकेल?"

"पुढच्या आठवड्यात मी बॉडी पुन्हा सोडतो. कडांचं लॅकर काढून परत जोडतो. आणि दर महिन्याला येऊन बघेन."

"बघशील. रंगवणार नाहीस ना?"

"नाय," आईनं परस्पर उत्तर दिलं. "मी येतंय बरोबर."

घाटाखालची दाणोली मागे पडली. पाऊस थांबला होता, तरी सरांनी हेडलाइट मुद्दाम चालूच ठेवले होते. मुलीनं सीटला डोकं टेकलं. "ठीक आहे," ती म्हणाली. "नाताळपर्यंत राहा इथे. तोवर एकदाही तक्रार ऐकू येता कामा नये."

सरांनी आरसा सरळ केला.

"कोणत्या सालच्या नाताळपर्यंत?" त्यांनी विचारलं.